फुलांची भाषा आणि मोहाचें फूल

फुलांना भाषा असते, असें कवी फार पूर्वीपासून सांगत आले आहेत; पण ती भाषा कोणीं घडविली आणि तिचे शब्द कोठून आले, हा प्रश्न आपल्या टीकेनें क्वचितच विचारला आहे. गुलाब म्हणजे प्रीति, कमळ म्हणजे पावित्र्य, पारिजात म्हणजे क्षणभंगुरता, असे संकेत आपण पाढ्यांसारखे पाठ करीत असतों. या संकेतांची थोडी झडती घेण्याचा आमचा विचार आहे; आणि साक्षीसाठीं आम्ही बोलावणार आहों चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांतील मोहाच्या फुलाला.

पाश्चात्त्य देशांत ही भाषा कोशाच्या रूपानें अवतरली. फुलें, फळें व इतर वस्तु पाठवून मनोगत कळविण्याची तुर्कस्थानांतील रीत लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू या विदुषीच्या पत्रांतून इंग्लंडला कळली. तीं पत्रें १७६३ सालीं छापून निघालीं. १८१९ मध्यें पॅरिस येथें शार्लोट द लातूर या टोपणनांवानें फुलांच्या भाषेचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि १८८४ मध्यें केट ग्रीनअवे हिच्या चित्रांनीं सजलेली त्याच धर्तीची पुस्तिका निघाली. एका बाजूस फूल, दुसऱ्या बाजूस भावना, अशी ही मांडणी असे. पण एका कोशांतला अर्थ दुसऱ्याशीं जुळेलच अशी खात्री नसे. प्रियकरानें एक कोश उघडावा आणि प्रेयसीनें दुसरा, म्हणजे काय अनर्थ होईल हें वाचकांनींच कल्पावें!

आपल्याकडेही संकेतांचा तोटा नाहीं. सुंदरीच्या पादाघातानें अशोक फुलतो, तिच्या मुखांतील मद्याच्या शिंतोड्यानें बकुल बहरतो, हे कविसमय संस्कृत काव्यांत रूढ झाले. पळसाला रूप आहे पण गंध नाहीं, म्हणून तो विद्याहीन मनुष्याचा प्रतिनिधि ठरला. ज्यांच्या जेवणाची पत्रावळ पळसाच्या पानांची आणि होळीचा रंग पळसाच्या फुलांचा, त्यांनीं त्याला निर्गुण कां म्हणावें? आपले संकेत अनेकदां झाडाखालीं न जातांच ठरले, असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

परंतु महाकवि संकेताचा दास नसतो. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीच्या विवाहप्रसंगीं तिच्या केशांभोंवतीं दूर्वा आणि फिकट मधूकपुष्पें यांची माळ गुंफलेली आहे. मधूक म्हणजेच आपला मोह. अमरकोशांत त्याला गुडपुष्प व मधुद्रुम अशीं गोड नांवें आहेत. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत तर कालिदासानें कमाल केली आहे. इंदुमति मगधराजाचें वर्णन ऐकते, एक शब्दही न बोलतां साधा नमस्कार करते, आणि तिची दूर्वांकित मोहमाला किंचित् ढळते. तेवढ्यानें नकार कळतो! येथें फुलाचा अर्थ कोशांत नाहीं. तो त्या हालचालींत आहे. आणि ही इंदुमति कोण? विदर्भाची राजकन्या! विदर्भाच्या स्वयंवरांत कवीनें मोहाचें फूल आणावें, आणि आम्हां मराठी वाचकांस मोह म्हटला कीं केवळ दारूची बाटली दिसावी, हा केवढा दैवदुर्विलास!

१९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पण मोहाच्या वनांनीं ती सीमा मानलेली नाहीं. मोहाचें फूल तोडावें लागत नाहीं. चैत्राच्या सुमारास तें रात्रीं उमलतें आणि पहाटे आपोआप गळतें. उजाडण्यापूर्वीं बायका-मुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं येतात, आणि त्याच फुलांच्या ओढीनें अस्वलेंही येतात. वाघाचें भय असतें तें निराळेंच. वेंचलेलीं फुलें वाळवून ठेवावीं, अडीअडचणीला खावीं, बाजारीं विकून मीठमिरची आणावी, आणि लग्नाच्या मांडवांत त्याच झाडाच्या डहाळीला मान द्यावा, अशी गोंड समाजाची रीत. कालिदासाची विवाहमाला आणि गोंडांचा विवाहमांडव यांची अशी अवचित भेट होते. मांगल्याचा हा अर्थ कोणीं नेमून दिलेला नाहीं. जें झाड अडचणींत पोट भरतें, तेंच आनंदाच्या दिवशीं पूज्य ठरतें.

या फुलाला दुसरी बाजू नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच फुलाच्या दारूनें संसार उद्ध्वस्त झालेले ज्यांनीं पाहिले, त्यांच्या लोकचळवळीनंतर १९९३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी झाली. एकाच बाईच्या टोपलींतलें फूल तिच्या मुलाची भूक भागवितें आणि तिच्या नवऱ्याची शुद्धही हरपवितें. कोशकार असल्या फुलापुढें कोणती एक भावना लिहिणार? खरें प्रतीक असेंच अनेकार्थी असतें. मधूकाचा अपभ्रंश होऊन झालेला मोह आणि मनाचा मोह हे मुळांत वेगळे शब्द. पण त्या श्लेषावर संतुष्ट होऊन लेखणी थांबली, तर टोपलीकडे तिचें लक्ष जाणारच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘उपयोगाचें फूल काव्याच्या काय कामाचें? सौंदर्य हें निरुपयोगीच असावयाचें.’ हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. वऱ्हाडांत जन्मलेल्या कवि ‘बीं’चा ‘चाफा’ त्यांच्या १९३४ च्या ‘फुलांची ओंजळ’ या संग्रहांत आहे. त्याचा उपयोग कोणीं विचारला नाहीं. तरी तो चाफा म्हणजे कोण, यावर रसिकांचा वाद मिटलेला नाहीं. परंतु हें उदाहरण आमच्याच पक्षाचें आहे. ‘बीं’नीं चाफ्याच्या गळ्यांत अर्थाची चिठ्ठी बांधली नाहीं, म्हणूनच तो अजून टवटवीत आहे. आमचा आग्रह उपयुक्ततेचा नव्हे, ओळखीचा आहे. कवीनें फुलाला भावना चिकटवूं नये. ज्यांच्या जीवनांत तें फूल आहे त्यांच्या संगतींत तिला उमलूं द्यावें.

आमच्या तरुण कवींस एवढेंच सुचवावयाचें आहे. गुलाबावर पुष्कळ लिहून झालें. आतां एखाद्या चैत्रांतल्या पहाटे मोहाखालीं जाऊन उभें राहावें. तेथें फुलें वेंचणाऱ्या बाईस त्या फुलाचा अर्थ विचारूं नये. तिची टोपली भरेपर्यंत तिच्याबरोबर वेंचूं लागावें.