मुक्त स्रोत शैक्षणिक सॉफ्टवेअर आणि मराठी विद्यार्थी : एक समीक्षा

शालेय शिक्षणात संगणकाचा वापर हा विषय आता नवीन राहिलेला नाही. शासकीय योजना, लोकप्रतिनिधींचा निधी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून लहान गावांतील शाळांनाही संगणक मिळाले. संगणक आले, मात्र त्यांवर विद्यार्थ्यांनी नेमके काय शिकायचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. या प्रश्नाचे उत्तर म्हणून मुक्त स्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअर सुचविले जाते. हे उत्तर योग्य आहे. परंतु ज्या कारणासाठी ते स्वीकारले जाते ते कारण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी जीकॉम्प्री या सॉफ्टवेअरचा विचार मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने केला आहे.

१. मोफत की मुक्त?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या या विचारात वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये दिलेली आहेत : सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालविणे, त्याची रचना अभ्यासून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेली आवृत्तीही इतरांना देणे. 'ओपन सोर्स' ही संज्ञा १९९८ मध्ये पुढे आली. आपल्या शाळांनी या चारपैकी पहिले आणि तिसरे स्वातंत्र्य आनंदाने घेतले, म्हणजे सॉफ्टवेअर चालविले आणि त्याच्या प्रती काढल्या. दुसरे आणि चौथे मात्र कोणी हाताळलेच नाही. त्यामुळे 'मुक्त' या शब्दाचा अर्थ आपल्याकडे 'फुकट' एवढाच उरला.

जीकॉम्प्रीचे उदाहरण हा भेद स्पष्ट करते. फ्रान्समधील ब्रुनो कूदोआं यांनी हे काम २००० मध्ये सुरू केले. फ्रेंचमध्ये 'मला समजले' असे म्हणताना जो उच्चार होतो, त्यावरून हे नाव घेतले आहे. साधारणपणे २ ते १० वर्षे वयाच्या मुलांसाठी त्यात शंभराहून अधिक खेळ व कृती आहेत. विंडोज प्रणालीवर त्यातील सर्व कृती वापरण्यासाठी एके काळी शुल्क द्यावे लागत असे. २०२० पासून ते राहिले नाही. शुल्क होते तेव्हाही त्याची मूळ संहिता सर्वांना खुली होती. म्हणजे किंमत हा मुक्ततेचा निकष नव्हे, बदल करण्याचा अधिकार हा आहे.

या सॉफ्टवेअरचे गुणही नोंदविले पाहिजेत. त्यात जाहिराती नाहीत, मुलांची नावनोंदणी करावी लागत नाही आणि एकदा स्थापित केल्यावर बहुतेक कृतींसाठी इंटरनेट लागत नाही. जेथे वीज आणि जोडणी दोन्ही बेभरवशाची आहेत, तेथे या गोष्टींचे मोल मोठे आहे.

२. अंकांची अडचण

सीमाभागातील एका मराठी प्राथमिक शाळेत प्रस्तुत लेखकाने गुणाकाराचा खेळ खेळणारी मुलगी पाहिली. पडद्यावर ७ × ५ असा प्रश्न आला. तिने 'सात पंचे पस्तीस' असे मोठ्याने म्हटले आणि ५३ हे उत्तर टंकित केले. सॉफ्टवेअरने ते चूक ठरविले. तिने पुन्हा पाढा म्हटला, पुन्हा ५३ लिहिले आणि मग शेजारच्या मुलाला जागा दिली.

या मुलीला पाढा येत होता. अडचण संख्यानामाची होती. मराठीत 'पस्तीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि तीस नंतर. लिहिताना क्रम उलटा होतो. शिवाय 'एकोणसाठ' या शब्दात ऐकू येतो साठ आणि लिहायचे असतात ५ व ९. त्याच नियमाने ९९ ला 'एकोणशंभर' म्हणावे, तर भाषा 'नव्व्याण्णव' म्हणते. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस दोन' यासारखे संख्यावाचन आणले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती. तो बदल कोणाला पटो वा न पटो, ज्या अडचणीतून तो सुचला ती खरी आहे.

इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ही अडचण दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ३५ ऐवजी ५३ आणि ३५ ऐवजी ७१ या सारख्याच चुका आहेत. शिक्षिका मात्र पहिल्या उत्तराकडे पाहून म्हणेल, 'तुला येतंय गं, फक्त अंकांची जागा बदल.' जी चूक समजून घेत नाही ती कसोटी मुलाला शिकवीत नाही, केवळ मागे सारते.

३. अक्षर म्हणजे काय?

दुसरी अडचण लिपीची आहे. 'विद्यार्थी' या शब्दात किती अक्षरे, असे विचारले तर मूल तीन सांगेल. युनिकोडनुसार संगणक दहा चिन्हे मोजतो. एकेक अक्षर ओळखून शब्द पूर्ण करण्याचा खेळ रोमन वर्णमालेवरून जसाच्या तसा आणला, तर काना, वेलांटी आणि हलन्त ही सुटी 'अक्षरे' म्हणून मुलासमोर येतील. टंकलेखनातही हाच प्रकार आहे. वहीत 'कि' लिहिताना मूल वेलांटी आधी काढते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'क' आधी आणि वेलांटी नंतर दाबावी लागते. ही पद्धत उच्चाराच्या क्रमाने असल्यामुळे सदोष नाही, पण ती शिकवावी लागते. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी आणखी एक पेच आहे : मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, अंक मात्र डावीकडून उजवीकडे. पडद्याची रचना उलटविताना संख्या उलटता कामा नयेत.

म्हणून अशा सॉफ्टवेअरचे मराठीकरण म्हणजे केवळ वाक्यांचे भाषांतर नव्हे. बटणांवरचे शब्द मराठीत आणणे हा त्यातला सर्वात सोपा भाग आहे. ध्वनीचा भाग त्याहून कष्टाचा असतो. इंग्रजीत वीसनंतरच्या संख्या दशक आणि एकक यांचे आवाज जोडून बोलविता येतात. मराठीत शंभरपर्यंतची प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावी लागते.

४. दोष कोणाचा?

येथे मूळ निर्मात्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. फ्रान्समध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने मराठी संख्यानामांचा विचार करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यांनी संहिता खुली ठेवून आपले काम केले आहे. जीकॉम्प्रीच्या सध्याच्या आवृत्तीतील कृती क्यूएमएल व जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आहेत. उत्तराचे अंक उलटे आले तर ३५ आणि ५३ दशकांच्या गठ्ठ्यांसह शेजारी दाखवावेत, एवढी भर घालणे संगणकशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये अशी सुधारणा शाळेला स्वतः करताच येत नाही. येथे ती करता येत असून केली जात नाही, ही आपली उणीव आहे.

शिक्षकांना वेळ नाही, हा आक्षेप खरा आहे. तथापि केरळचा अनुभव विचारात घ्यावा. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले आणि शाळांसाठी जीएनयू/लिनक्सची स्वतःची आवृत्ती घडविली. एकट्या शिक्षकावर भार न टाकता व्यवस्थेने तो उचलला. आपल्याकडेही साधने आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

५. निष्कर्ष

ज्या शिक्षणसंस्था प्राथमिक शाळा आणि महाविद्यालय दोन्ही चालवितात, त्यांना हे काम सहज हाती घेता येईल. प्राथमिक शिक्षिकेने मुलांच्या चुका नोंदवाव्यात, भाषेच्या अध्यापकाने शब्दसूची तपासावी आणि संगणक विभागातील विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून बदल करावेत. एका शांत खोलीत, एका स्पष्ट आवाजात शून्य ते शंभर ध्वनिमुद्रित करण्यास एक दुपार पुरेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम मूळ प्रकल्पाकडे परत पाठवावे. शाळेच्या संगणकावरच राहिलेली सुधारणा पुढील आवृत्ती बसविताच पुसली जाते; मूळ संहितेत गेलेली सुधारणा बेळगाव, इंदूर, वडोदरा येथील प्रत्येक मराठी मुलापर्यंत पोहोचते.

सॉफ्टवेअरच्या नावाचा अर्थ 'मला समजले' असा आहे. जागा सोडून उठलेल्या त्या मुलीला पाढा समजलेलाच होता. तिला काय समजले आहे, हे सॉफ्टवेअरला समजावून देण्याचे काम आपले आहे.