दुष्काळ, जनुकं आणि आपला मधुमेह

इथल्या मराठी घरांत मधुमेहाचा विषय निघाला की हल्ली एक स्पष्टीकरण हमखास येतं: इंग्रजी अमलातल्या दुष्काळांनी आपली जनुकंच बदलली. मला ते पटत नाही. १८७६-७८च्या दुष्काळाला जेमतेम सहा पिढ्या झाल्या. शिवाय नैसर्गिक निवडीसाठी कोण जगणार हे जनुकांवर ठरावं लागतं. तेव्हा ते बरंचसं जमीन, जात आणि सावकाराच्या वहीवर ठरलं. (त्या काळात धान्य निर्यात होत होतं. इंग्रजांना जाब विचारायला तेवढं पुरे, जनुकांची साक्ष कशाला?) युरोपात मोठेपणीही दूध पचवणारं जनुक पसरण्यात दुष्काळांचा हात असावा, असं ब्रिस्टल आणि लंडनच्या संशोधकांनी २०२२ साली मांडलं, पण त्या पसरण्याला हजारो वर्षं लागली.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम मला जास्त पटतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोंची, साउथॅम्प्टनची ३.५, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी नाही. इथं आईच्या पोटातलं पर्यावरणही हिशेबात येतं. म्हणूनच त्यांच्या गटाने पुढे त्याच गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना, म्हणजे उद्याच्या आईबापांना, बी-१२ देऊन पाहिलं.