दुधाळ समुद्र पुरे झाले

पुन्हा तोच चौकोन, तेच एकटं झाड, तोच सायीसारखा गोठलेला समुद्र. तरुण मंडळी मीडियम फॉरमॅटच्या, म्हणजे मोठ्या निगेटिव्हच्या, फिल्मकडे वळताहेत म्हणून आनंद मानावा, तर कामात दिसतं ते हे. भिंगापुढे प्रकाश अडवणारा काळाकुट्ट एनडी फिल्टर लावायचा, शटर चार मिनिटं उघडं ठेवायचं. लाटा, होड्या, माणसं आपोआप पुसली जातात. मग याला 'ध्यान' म्हणायचं.

याचं खापर छायाचित्रकार मायकल केनावर फोडतात, तो अन्याय आहे. होक्काइदोतली झाडं टिपणाऱ्या केनाने नॉटिंगहॅमजवळच्या रॅटक्लिफ वीजकेंद्राचे अजस्र मनोरे आणि नाझी छळछावण्याही टिपल्या. अनुयायांनी झाड तेवढं उचललं. अमेरिकन निसर्गचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या पंथाविषयी काय बोलावं? एक्सपोजर मोजायची त्याची झोन सिस्टिम तोंडपाठ, आभाळ लाल फिल्टरने काळंभोर, सांगायला काही नाही.

याउलट ब्रिटिश छायाचित्रकार फे गॉडविन बघा. तिचं 'लँड' हे पुस्तक १९८५ चं, 'अवर फॉरबिडन लँड' १९९० चं. दरम्यान ती रॅम्बलर्स असोसिएशनची, पायवाटांच्या हक्कासाठी भांडणाऱ्या ब्रिटिश संघटनेची, अध्यक्ष झाली होती. तिचे ढग कुणाहून कमी देखणे नाहीत. पण त्यांच्याखाली तारा आहेत, 'प्रवेश बंद'च्या पाट्या आहेत, स्टोनहेंजवरचा पहारा आहे. ही जमीन कुणाची, हे विचारल्याशिवाय ती शटर दाबत नाही.

आणि चेक छायाचित्रकार योसेफ कौदेल्का! त्याच्या पॅनोरॅमिक कॅमेऱ्यात १२० च्या रोलवर सहा बाय सतरा सेंटीमीटरच्या जेमतेम चार फ्रेम बसतात. 'ब्लॅक ट्रँगल' या पुस्तकात (१९९४) उत्तर बोहेमियातला कोळशाच्या खाणींनी ओरबाडलेला मुलूख आहे. पट्टी इतकी रुंद की नजरेला चालतच जावं लागतं: चिखलातले चाकांचे माग, मेलेली झाडं, मागे धुरांडी. काहीच सुटत नाही. मोठी निगेटिव्ह असते ती यासाठी. साध्या सहा बाय सहाच्या फ्रेमचं क्षेत्रफळही पस्तीस मिलिमीटरच्या फ्रेमच्या साडेतीन पट; एवढी जागा घेऊन तिच्यावर धुकं उतरवायचं?

यावर ठरलेला आक्षेप येतो: निसर्गात राजकारण कशाला आणता? अहो, कुंपण आम्ही नाही आणलं. ते तिथं होतंच. तुम्ही चार पावलं सरकून ते चौकटीबाहेर काढलंत. खाणीचा ट्रक चार मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये विरघळवलात, वर त्याला शांतता म्हणालात. ज्याची जमीन गेली त्याला विचारा ही शांतता कसली ते.

आपल्याकडच्या फिल्मवाल्यांना एवढंच सांगणं आहे. चंद्रपूर, घुग्घुस, वणीच्या कोळसापट्ट्यात खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत, रस्त्याकडेच्या झाडांवर कोळशाची धूळ आहे. रंग मुळातच कमी. कृष्णधवलचं काम निम्मं झालेलं. सहा बाय सहाच्या बारा फ्रेमचा एक रोल तिकडे खर्च करा. एनडी फिल्टर घरीच राहू द्या.