मिरजेची मैफल कोणाची?

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचे नाव आमच्या व्याख्यानांत हमखास येते. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात शास्त्रीय संगीताची सभा भरते. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. एवढे सांगून सलोख्याचा दाखला दिला, की आम्ही मोकळे होतो.

पण दाखल्यांवर मैफल चालत नाही. दर्ग्याचे आवार म्हणजे नाट्यगृह नव्हे. इथे कलावंत बिदागीची अपेक्षा न ठेवता हजेरी लावायला येतात. अशी जागा टिकते ती गाणाऱ्याच्या श्रद्धेवर, ऐकणाऱ्याच्या बैठकीवर आणि तंबोरा घडवणाऱ्या हातांवर. हे हात एकेकाळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे. पंढरपूर भागातल्या भोपळ्यातून ते तंबोरा घडवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हाला अभिमान वाटला. विकत मात्र किती जणांनी घेतला?

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्यात जुना आहे. ज्यांना ते मान्य नाही, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. तक्रार स्वतःविषयी आहे. व्यासपीठावरून खाँसाहेबांना ‘आपले’ म्हणणारे आम्ही त्या आवारात किती वेळ बसतो? येत्या उरुसात मुलाबाळांना घेऊन सतरंजीवर बसू, शेवटची भैरवी होईपर्यंत. सलोख्यावरचे भाषण त्यानंतर.