'मुळशी पॅटर्न' : विकलेली जमीन आणि न विकता गेलेली जमीन

प्रवीण विठ्ठल तरडे लिखित-दिग्दर्शित 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली. काहींनी त्याकडे गुन्हेगारीपट म्हणून पाहिले, तर काहींनी जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याची शोकांतिका म्हणून. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील जमिनीच्या कल्पनेचा विचार करावयाचा आहे. मुळशीसारख्या तालुक्याच्या संदर्भात ही कल्पना अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य प्रथम नोंदविले पाहिजे. एकेकाळी गावची पाटीलकी मिरविणारा बाप जमीन विकतो आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या वस्तीच्या दारात राखणदार होतो. मोहन जोशी यांनी साकारलेला हा बाप मराठी चित्रपटातील शेतकऱ्याच्या रूढ, रडक्या प्रतिमेपासून दूर आहे. ज्या रानात शिरताना त्याला कोणाची परवानगी लागत नसे, तेथे कोणाला आत सोडावे हे पाहणे हेच आता त्याचे पोट झाले आहे. मालकी गेली की प्रवेशही जातो, हे चित्रपट एकाही व्याख्यानाशिवाय सांगतो. ओम भूतकर यांचा राहुल्या या अपमानातूनच घडतो. त्याच्या हिंसेचे मूळ दारिद्र्यापेक्षा बेदखल होण्यात आहे, ही तरडे यांची जाण मोलाची आहे.

तथापि चित्रपटाला दिसणारी जमीन ही सातबाऱ्यावरची, खातेदाराच्या नावाची जमीन आहे. ती विकणे हे मूळ पाप आणि त्यापुढची सर्व वाताहत हे त्या पापाचे फळ, अशी कथेची नैतिक रचना आहे. 'जमिनी विकू नका' हाच तिचा उपदेश. परंतु मावळातील शेत कधीच स्वयंपूर्ण नव्हते. गुरे गायरानात चरत, सरपण डोंगरातून येई, पाणी ओढ्याचे असे आणि शेतावर जाण्याची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जाई. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) ही वस्तुस्थिती ओळखली आहे. कलम २० नुसार रस्ते, नद्या, नाले व कोणाच्याही मालकीची नसलेली जमीन शासनाची ठरते. कलम २२ नुसार गुरचरणासारख्या कारणांसाठी जमीन राखून ठेवता येते. कलम १४३ बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला देते. आजूबाजूचे गट विकले गेले, त्यांना तारेचे कुंपण पडले आणि वहिवाटीची वाट बंद झाली, तर एक गुंठाही न विकलेला शेतकरीसुद्धा हळूहळू बेदखल होतो. या शेतकऱ्याला 'मुळशी पॅटर्न'मध्ये स्थान नाही.

चित्रपट म्हणजे महसुली दप्तर नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्तही आहे. मात्र शीर्षकातच 'पॅटर्न' म्हणणारी कलाकृती एका घराची गोष्ट सांगून थांबत नाही; ती एका प्रदेशाचा नियम सांगू पाहते. त्या नियमाची तपासणी करणे हे समीक्षेचे कामच आहे.

हा नियम शंभर वर्षांपूर्वीच्या मुळशीला लावून पाहावा. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. तेथे कोणी लोभाने जमीन विकली नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या आधारे ती सार्वजनिक हिताच्या नावाने घेतली जात होती. वीज मुंबईसाठी होती आणि पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाणार होते. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी मावळ्यांच्या बाजूने लढा दिला. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या 'मुळशी सत्याग्रह' या अभ्यासात (विस्तारित इंग्रजी ग्रंथ, २००९) या लढ्यातील अंतर्विरोध नेमका दाखविला आहे. अनेक जमिनींचे कागदोपत्री मालक पुण्याचे सावकार होते, कसणारे मावळे होते. मालकाचे समाधान मोबदल्याच्या दराने होऊ शकत होते. कसणाऱ्याच्या दृष्टीने मात्र जमिनीला पर्याय नव्हता. म्हणजे मालमत्तेचा हक्क हीच लढ्याची ढाल मानली, तर ती आधी सावकाराचे रक्षण करते.

अलीकडच्या काळात हीच गुंतागुंत लवासाच्या रूपाने परतली. १९९६ च्या गिरिस्थान धोरणानंतर मुळशी व वेल्हे तालुक्यांतील अठरा गावांत हे खासगी शहर आखले गेले. त्याची शोभा असलेला जलाशय मोसे नदीवरील वरसगाव धरणाचा, म्हणजे सार्वजनिक प्रकल्पाचा आहे. कृष्णा खोरे विकास महामंडळाची जमीनही भाडेपट्ट्याने कंपनीकडे गेली. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या व्यवहारांवर टीका केली; परंतु दाद मागण्यास झालेला विलंब लक्षात घेऊन हस्तक्षेप नाकारला. १९२१ मध्ये सार्वजनिक हित हे खासगी शेतावरील आक्रमणाचे साधन होते. लवासात सार्वजनिक पाणी व जमीन खासगी नगराच्या कामी आली. दोन्ही वेळी शेतकऱ्याच्या मोहाहून मोठी गोष्ट घडत होती, आणि ती सरकारी निर्णयाने घडत होती. तरडे यांचा चित्रपट खलनायक शोधतो तो दलाल, भाई आणि घरातल्या हव्यासात. कूळ कायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर घातलेले बंधन पुढे कोणी व कोणासाठी सैल केले, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. हिंजवडीत उद्योगांसाठी औद्योगिक विकास महामंडळामार्फत झालेले भूसंपादनही त्यामुळे झाकले जाते.

आणखी एक अनुपस्थिती अधिक बोलकी आहे. राहुल्याच्या बापाजवळ विकण्यासाठी जमीन तरी होती. मुळशीतील कातकऱ्यांपैकी अनेकांच्या नावे सातबारा नाही. त्यांचे जगणे नदीतील मासळी, रानातील कंद-भाजी आणि मजुरी यांवर चालत आले. त्यांचे झोपडे दुसऱ्याच्या गटात असेल, तर गटाचा सौदा होताना त्यांची सही लागत नाही. खरेदीखतात त्यांचे नाव येत नाही, मोबदल्याच्या यादीतही नाही. पाटलाच्या मुलाच्या हाती चित्रपटाने शस्त्र दिले आणि त्याच्या क्रोधाला नाट्य दिले. नदीकाठी कुंपण पडल्यानंतर जाळे घेऊन परत फिरलेल्या माणसाची कथा मराठी पडद्यावर आणावयाची झाल्यास तिचा नायक काय विकून बसला होता, असे विचारता येणार नाही.