‘बरे होणे’ आणि ‘बरे वाटणे’ : उपशामक सेवेचा राष्ट्रीय आराखडा आणि दर्यापूर तालुका

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने नोव्हेंबर २०१२ मध्ये भारतातील उपशामक सेवेच्या धोरणांविषयी आपला अहवाल दिला, आणि त्याच्या आधारे या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. जो रोग हटत नाही त्याची वेदना तरी हटावी, रुग्णाचे उरलेले दिवस सुसह्य व्हावेत आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही आधार मिळावा, हे या सेवेचे प्रयोजन होय. प्रस्तुत अहवाल इंग्रजीत आहे आणि त्याची परीक्षा आजवर मुख्यतः वैद्यक व प्रशासन यांच्या अंगाने झाली आहे. परंतु योजना हीही एक संहिताच असते. जिच्यासाठी ती लिहिली गेली त्या माणसाच्या भाषेपर्यंत ती पोचते की नाही, हा प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो. दर्यापूरसारखा वऱ्हाडातील तालुका समोर ठेवून तो येथे विचारावयाचा आहे.

प्रथम या अहवालाचे श्रेय नमूद केले पाहिजे. मॉर्फिनसारखे औषध दुर्मिळ होण्याचे एक मोठे कारण १९८५ च्या अमली औषधांच्या कायद्यात व त्याखालील अनेकविध परवान्यांत आहे, हे त्याने ओळखले. पुढे २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा वर्ग निर्माण झाला आणि त्यांसाठी देशभर एकच नियमावली लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. वैद्यक आणि परिचर्या यांच्या शिक्षणात या विषयाला स्थान हवे, हाही त्याचा आग्रह योग्यच होता. केरळने आपले धोरण २००८ मध्येच जाहीर केले होते. त्यामागे कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्याचा आणि गावोगावच्या स्वयंसेवकांचा अनुभव होता. तो अनुभव राष्ट्रीय पातळीवर आणण्याचा हा प्रयत्न होता, हे मान्य करूनच पुढील आक्षेप घ्यावयाचा आहे.

आक्षेप असा की, या आराखड्यात भाषा हा नियोजनाचा स्वतंत्र विषय नाही. ती येते ती केवळ ‘जनजागृती’चे साधन म्हणून. जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याला सांगावयाचे, अशी एकाच दिशेची कल्पना त्यामागे आहे. वस्तुतः या सेवेत सांगण्याहून ऐकण्याचे काम मोठे आहे. रक्तदाब यंत्राने मोजता येतो, ज्वर तापमापकाने कळतो. वेदना मात्र रुग्ण बोलेल तेव्हाच कळते, आणि मॉर्फिनची मात्रा बहुतांशी त्या बोलण्यावरच ठरते. भाषा येथे उपचाराची जाहिरात नसून निदानाचे साधन आहे.

नावापासूनच आरंभ करावा. इंग्रजी ‘पॅलिएटिव्ह’ शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘पॅलियम’, म्हणजे अंगावरचे वस्त्र, आहे. मराठीत हीच प्रतिमा घ्यावी तर ‘पांघरूण घालणे’ म्हणजे दोष झाकणे असा अर्थ उभा राहतो. ‘परिहार’ हा पर्यायही सुचविला जातो. पण शंकेचा परिहार झाला की शंका उरत नाही, आणि हा शब्द असेच निःशेष निवारण सुचवितो. येथे तर मूळ रोग उरणारच आहे. ‘वेदनाशमन’ अचूक खरे, परंतु अपुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत शारीरिक दुःखाबरोबर मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःखाचाही समावेश आहे. ‘उपशामक’ हा त्यातल्या त्यात निर्दोष पर्याय म्हणावा लागेल. पण तो दर्यापूरच्या बाजारात कोणी उच्चारणार नाही. तथापि ज्या भेदावर ही सारी सेवा उभी आहे तो भेद मराठी बोलीने पूर्वीच केलेला आहे. ‘बरे होणे’ निराळे आणि ‘बरे वाटणे’ निराळे. पहिल्यात रोग जातो. दुसऱ्यात रोग असूनही जीवाला आराम पडतो. ‘आता बरे होणार नाही, पण बरे वाटेल असे करता येईल’ हे एक वाक्य घरच्या माणसांना जे सांगते, ते अनेक पत्रकांना साधणार नाही.

नावाहून बिकट प्रश्न विचारण्याचा आहे. ‘दुखणे’ हा मराठीत वेदनेचाही शब्द आहे आणि आजाराचाही. ‘दुखणे किती दिवसांचे?’ या प्रश्नाला आजाराचा काळ सांगितला जाईल, की कळेचा? शिवाय मराठी रचनेत ‘माझे पोट दुखते’ असे म्हणताना पोट कर्ता होते आणि रुग्ण केवळ त्याचा धनी उरतो. ‘मी दुखावलो’ म्हटले की मात्र ते मनाचे दुखणे होते. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन रूपांत देह आणि मन यांची वाटणी झालेली आहे. १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली, ती रुग्णांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकूनच. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत वेदनावाचक इंग्रजी शब्दांचे २० गट पाडले आहेत. मराठीत ठणका, कळ, चमक, सल, ठसठस, आग, मुंग्या असा संपन्न संग्रह आहे. त्यातील ‘आग’ व ‘मुंग्या’ हे शब्द मज्जातंतूंच्या वेदनेकडे निर्देश करू शकतात, आणि अशा वेदनेला वेगळी औषधे लागतात. शून्य ते दहा या अंकपट्टीत हा भेद नाहीसा होतो.

त्यातही वऱ्हाडीचा विशेष आहे. ‘पोट दुखून राह्यलं’ हे रूप भूतकाळी दिसते. अर्थ मात्र ‘पोट आत्ता दुखत आहे’ असा चालू वर्तमानाचा आहे. दुसऱ्या प्रदेशातून आलेल्या परिचारिकेने ते घडून गेलेली गोष्ट म्हणून नोंदविले, तर नोंदवहीत वेदना संपते आणि खाटेवर चालूच राहते. व्याकरणाचा हा बारकावा येथे माणसाच्या रात्रीशी निगडित आहे.

आता स्थळाचा विचार. दर्यापूरहून जिल्ह्याचे ठिकाण अमरावती सुमारे ५० किलोमीटर दूर. तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील असून या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार दीर्घकाळ केली जात आहे. उपशामक सेवा ही केवळ कर्करोग्यांची नव्हे, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे लागते. मुंबईत १९८६ मध्ये ‘शांती आवेदना’ आणि पुण्यात १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र सुरू झाले. परंतु अशी वास्तू प्रत्येक तालुक्यात उभी राहील, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. येथे शुश्रूषा घरातच होणार, आणि ती करणारी व्यक्ती बहुधा सून, पत्नी किंवा आई असणार. आराखड्यात वैद्य, परिचारिका, स्वयंसेवक यांना पदनामे आहेत. हिला मात्र ‘कुटुंब’ या समूहवाचक नामात लुप्त व्हावे लागते. औषध देणारी, कूस बदलणारी आणि वेदनेची पहिली नोंद घेणारी तीच असते.

‘हॉस्पिस’ या शब्दाचा इतिहासही येथे मार्गदर्शक ठरतो. त्याचे मूळ वाटसरूंच्या विश्रामस्थानात आहे. म्हणजे मराठीत धर्मशाळाच. हा योगायोग वऱ्हाडात अर्थपूर्ण होतो, कारण धर्मशाळांना लोकसेवेचे रूप देणारे गाडगे महाराज याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या आप्तांना आसरा देते. त्यांच्या कीर्तनाची रीतही विसरता येत नाही : वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. ज्याला ‘जनजागृती’ म्हणतात तिचे याहून सरस प्रात्यक्षिक शोधावे लागेल.

यावर कोणी म्हणेल की, शब्दांनी वेदना शमत नाही. तालुक्याला मॉर्फिन हवे, कोश नको. आक्षेप अर्धा खरा आहे. औषध नसेल तर उत्तम प्रश्नावली ही क्रूर थट्टाच ठरेल. परंतु नोंद नसेल तर मागणी नसते, आणि मागणी नसेल तर पुरवठ्याची निकड शासनाला कळत नाही. २०१८ पासून आरोग्य केंद्रांच्या विस्तारित सेवांत वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट झाली आहे. म्हणजे प्रश्न विचारणारी व्यक्ती गावापर्यंत पोचण्याची सोय कागदावर तरी झाली. तिने काय विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे, आणि मिळालेले उत्तर कसे समजून घ्यावे, हे अद्याप ठरावयाचे आहे.

तेव्हा तालुक्याच्या आराखड्याचे पहिले पान खाटांच्या संख्येने सुरू न होता तीन गोष्टींनी सुरू व्हावे : वऱ्हाडीतील वेदनावाचक शब्दांचा पडताळलेला संग्रह, घरी शुश्रूषा करणारीने भरावयाची साधी नोंदवही, आणि आप्तांशी व रुग्णाशी बोलावयाच्या वाक्यांची शिकवण. यांपैकी पहिले काम वैद्यकाचे नाही. ते मराठीच्या विभागांचे आहे. बोलींची सर्वेक्षणे होतात, त्यांत नात्यांची, शेतीची आणि स्वयंपाकाची शब्दावली गोळा होते. रुग्णाच्या उशाशी बोलल्या जाणाऱ्या शब्दांचे प्रकरण मात्र त्यांत क्वचितच असते. २०१२ च्या अहवालातील ही उणीव केवळ त्याच्या कर्त्यांची म्हणता येणार नाही. भाषाभ्यासकांनी जे पुरविले नाही ते त्यांना कोठून मिळणार होते?