साचा आणि साक्ष : गाणारा काउबॉय व तमाशापट

‘साचेबंद’ हे विशेषण लावले की लोकप्रिय चित्रपटाचे मूल्यमापन संपले, असा आपल्या समीक्षेचा समज दिसतो. साचा टिकतो का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. ‘टंबलिंग टंबलवीड्स’ (१९३५) पासून जीन ऑट्री पडद्यावर बहुधा स्वतःच्याच नावाने वावरला. कथा बदलली तरी गाणाऱ्याचा सज्जनपणा गृहीतच असे. गाणे ही त्याची खूण.

अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मध्ये गाणारीला असा विश्वास आयता लाभलेला नाही. तमासगिरीण प्रतिष्ठेच्या परिघाबाहेरची. म्हणून पाटलाचा जुना अपराध ती फडावरूनच गावासमोर मांडते. येथे गाणे साक्ष होते. पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये हा चित्रपट शंभराहून अधिक आठवडे चालला, तो केवळ रंजनाच्या बळावर नव्हे. श्रीरामपूर-संगमनेर पट्ट्यातील प्रेक्षकाला वगाचे संकेत पाठ होते. पुढे काय घडणार हे साचा आधीच सांगतो. त्यामुळे कोण, कोणासमोर बोलते आहे, याकडे लक्ष लागते. पुनरुक्तीचे सामर्थ्य आहे ते येथे. ते नाकारणारी समीक्षा साच्याबरोबर त्या साक्षीलाही बाद ठरवते.